दुहेरी सत्तेखालचा मुलूख आणि त्याचे ग्रंथ

एखाद्या देशावर परकीयांची सत्ता दीर्घकाल राहिली, म्हणजे त्या देशाची भूमि आणि तिचें उत्पन्न यांवर त्यांचा ताबा बसतोच. परंतु त्या देशाची कथा सांगण्याचा अधिकारहि हळूहळू त्यांच्या हातीं जातो. गांवांचीं नांवें त्यांनीं ऐकलीं तशीं नकाशांत लिहिलीं जातात, माणसांच्या जाती त्यांनीं ठरविल्या तशा कोष्टकांत बसतात, आणि कालांतरानें त्या देशांतील सुशिक्षित माणूसहि स्वतःच्या गांवाची ओळख परक्यांच्याच ग्रंथांतून करून घेऊं लागतो. सत्ता निघून जाते. ग्रंथ मात्र कपाटांत राहतात. म्हणून एके काळीं परसत्तेखालीं असलेल्या प्रदेशाचा इतिहास वाचावयाचा झाल्यास कोणते ग्रंथ वाचावे, हा जसा प्रश्न आहे, तसाच कोणता ग्रंथ कोणाच्या शेजारीं ठेवून वाचावा, हाहि प्रश्न आहे.

मराठवाड्यांतील हिंगोली जिल्हा हें या प्रश्नाचें एक चांगलें उदाहरण आहे. कयाधू नदीच्या कांठचें हिंगोली शहर आणि हिंगोली, सेनगांव, कळमनुरी, औंढा नागनाथ व वसमत हे पांच तालुके मिळून हा जिल्हा झाला आहे. ता. १ मे १९९९ रोजीं तो परभणी जिल्ह्यांतून वेगळा काढण्यांत आला. हा मुलूख १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. त्यापूर्वीं चार वर्षें तो मुंबई राज्यांत होता, आणि त्याहि पूर्वीं हैदराबाद राज्यांत. हैदराबादचे निजाम हे नांवाला स्वतंत्र राजे. परंतु १७९८ आणि १८०० च्या तहांनीं त्यांनीं इंग्रजांची तैनाती फौज पत्करली आणि परराज्यांशीं व्यवहार करण्याचें स्वातंत्र्य गमाविलें. त्यामुळें हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या डोक्यावर एक नव्हे, तर दोन सत्ता होत्या. सारा घेणारा निजाम, आणि निजामावर नजर ठेवणारा इंग्रज रेसिडेंट.

या दुहेरी सत्तेचें यंत्र कसें चालत असे, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कारण त्यावांचून पुढील ग्रंथांचा अर्थ नीट लागत नाहीं. तैनाती फौजेखेरीज निजामाच्या नांवानें आणखी एक फौज उभारण्यांत आली. तिचा पगार निजामाच्या खजिन्यांतून जाई, तिचे वरिष्ठ अधिकारी इंग्रज असत, आणि ती चाले रेसिडेंटाच्या इच्छेनें. हीच पुढें 'हैदराबाद कंटिन्जंट' या नांवानें प्रसिद्धीस आली, आणि तिची एक मोठी छावणी हिंगोली येथें होती. फौजेचा खर्च निजामाला पेलेना, तेव्हां हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीनें जबर व्याजानें रकमा पुरविल्या. पेढी पुढें बुडाली, पण खर्च आणि कर्ज सरलें नाहीं. अखेर १८५३ सालीं त्यापोटीं वऱ्हाडचा संपन्न प्रांत निजामाला इंग्रजांच्या स्वाधीन करावा लागला. १९०२ मध्यें तो प्रांत कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे गेला. पुढच्याच वर्षीं कंटिन्जंट फौज हिंदी लष्करांत सामील करण्यांत आली आणि हिंगोलीची छावणी उठली. फौज निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च रयतेचा, हें सूत्र ज्यानें ध्यानांत ठेवलें, त्याला जुन्या ग्रंथांतील पुष्कळ कोडीं आपोआप उलगडतील.

वाचनाचा आरंभ माहितीच्या ग्रंथांपासून करावा. सय्यद हुसेन बिलग्रामी आणि सी. विल्मट यांनीं १८८३-८४ सालीं निजामाच्या राज्याचें ऐतिहासिक व वर्णनात्मक दिग्दर्शन इंग्रजींत प्रसिद्ध केलें. १९०९ मध्यें इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेंत हैदराबाद संस्थानाचा खंड निघाला, आणि १९६७ सालीं महाराष्ट्र शासनानें परभणी जिल्ह्याचें गॅझेटियर काढलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. १९९९ पूर्वींच्या ग्रंथांत 'हिंगोली जिल्हा' असें प्रकरण सांपडणार नाहीं. तें 'परभणी' या नांवाखालीं शोधावें लागतें. गॅझेटियर हा प्रकार मूळचा राज्यकर्त्याच्या सोयीचा. सारा किती, पाऊस किती, पीक कोणतें, रस्ता कोठून जातो, वस्ती कोणाची, हें त्याला आधीं हवें असतें. म्हणून त्यांतील आंकडे फार उपयोगाचे असतात. परंतु त्या आंकड्यांखालीं दबलेला माणूस तेथें भेटेल अशी अपेक्षा करूं नये. बिलग्रामी हे तर निजामाच्याच राज्यांतील मोठे अधिकारी. धन्याच्या राज्याचें वर्णन सेवकानें केलें म्हणजे त्यांत वैभवाला जागा अधिक आणि गाऱ्हाण्याला कमी मिळणार, हें गृहीत धरूनच असा ग्रंथ उघडावा.

हिंगोलीचें नांव इंग्रजी वाङ्मयांत गेलें, तें मात्र गॅझेटियरमुळें नव्हे, तर एका कादंबरीमुळें. १८०८ मध्यें लिव्हरपूल येथें जन्मलेला फिलिप मेडोज टेलर १८२४ सालीं मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर आला. पेढीची स्थिति डबघाईची आहे असें दिसतांच तो निजामाच्या फौजेंत शिरला, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यानें दक्षिणेंतच काढला. ज्या पामर सावकाराच्या पैशावर ही फौज कांहीं काळ पोसली गेली, त्याच्याच मुलीशीं त्याचा विवाह झाला. १८३९ सालीं त्याची 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी लंडनमध्यें निघाली. अमीर अली नांवाचा ठग माफीचा साक्षीदार होतो आणि एका इंग्रज अधिकाऱ्यापुढें आपल्या खुनांची हकीकत एकामागून एक सांगत जातो, अशी तिची रचना आहे.

कादंबरी कल्पित असली, तरी तिच्या प्रस्तावनेंत टेलरनें हिंगोलीच्या छावणींतील एक हकीकत सत्य म्हणून दिली आहे. तेथें हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता; इतरांप्रमाणें टेलरचाहि त्याच्याशीं देवघेवीचा संबंध आलेला होता. या हरिसिंगानें कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मिळविला. माल वस्तुतः दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचा होता, आणि तो व्यापारी मालासह वाटेवर होता. हरिसिंगानें त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हांकणाऱ्यांना ठार केलें, आणि त्या परवान्यावर तो माल हिंगोलीस आणून छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच हें कबूल केलें, नाहींतर तें कधींच उघडकीस आलें नसतें. छावणीच्या बाजारांतच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत, माणसें मारलीं गेलीं आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलेलीं होतीं, असें टेलर सांगतो. असे कांहीं खड्डे उकरतांना तो स्वतः हजर होता.

ही हकीकत वाचतांना अंगावर कांटा उभा राहतो, आणि ती खोटी मानण्याचें कारण नाहीं. परंतु टेलरनें स्वतःच नोंदविलेल्या दोन गोष्टी वाचकानें एकत्र ठेवून पाहाव्या. हा सारा प्रकार कोणत्या निर्जन रानांत घडला नाहीं. तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या छावणींत, इंग्रज अधिकाऱ्याच्या परवान्यावर घडला. मारल्या गेलेल्या व्यापाऱ्याचें गांव हिंगोलीपासून जवळच होतें. परंतु त्याचें नांव त्या प्रस्तावनेंत नाहीं. खुनी आणि अधिकारी यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, मेलेल्या माणसाचें राहिलें नाहीं. टेलरचें आत्मचरित्र 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' त्याच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालें. ठगांचा छडा लावण्याची संधि आपल्या हातीं आली असतां बदलीमुळें ती निसटली, अशी खंत त्यानें त्यांत व्यक्त केली आहे. तें आत्मचरित्र अवश्य वाचावें. कारण या देशाच्या भाषा शिकून येथील माणसांवर जीव लावणारा इंग्रजहि सत्तेच्या चौकटींतून कितपत बाहेर पडूं शकतो, याचा तो एक प्रामाणिक पुरावा आहे.

टेलरच्या शेजारीं मग दुसरे ग्रंथ ठेवावे. विल्यम स्लीमन यानें १८३६ मध्यें 'रामसीआना' हा ग्रंथ प्रसिद्ध करून ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आणि त्यांच्या जबान्या लोकांपुढें मांडल्या. त्याच वर्षीं असा कायदा झाला कीं, एखादा मनुष्य ठगांच्या टोळींत होता एवढें सिद्ध झालें, तरी त्याला जन्मठेप देतां यावी. आणि ती टोळी कंपनीच्या मुलखांत असो वा मुलखाबाहेर असो, तो भेद राहूं नये. म्हणजे निजामाचा प्रजाजनहि कंपनीच्या न्यायासनापुढें उभा राहूं शकत होता. राधिका सिंघा यांचा 'ए डेस्पॉटिझम ऑफ लॉ' (१९९८) हा ग्रंथ आरंभींच्या इंग्रजी अमलांतील फौजदारी न्यायाचा इतिहास सांगतो. विशिष्ट कृत्यापेक्षां टोळीशीं असलेल्या संबंधाला आणि माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला कायद्यानें केवढें वजन दिलें, हें त्यांतून समजतें. किम वॅगनर यांच्या 'ठगी' (२००७) या ग्रंथांत जुन्या कागदपत्रांची बारकाईनें छाननी आहे. ठगी हा निव्वळ इंग्रजांनीं रचलेला बनाव नव्हता, आणि देवीच्या नांवानें चालणारा एखादा गूढ पंथ एवढ्यावरहि तिची वासलात लावतां येत नाहीं. स्थानिक जमीनदारांचा आश्रय, उपजीविकेची ओढ आणि वाटमारीची जुनी परंपरा यांतून ती समजून घ्यावी लागते, असें त्यांचें प्रतिपादन आहे. टेलर आणि वॅगनर असे दोन्ही वाचले, म्हणजे हरिसिंगाच्या गुन्ह्याची भीषणता कमी होत नाहीं. पण त्या गुन्ह्यावरून सबंध देशाचें चित्र रंगविण्याची जी घाई एकोणिसाव्या शतकांत झाली, ती स्पष्ट दिसूं लागते.

लष्करी इतिहासाचीहि हीच गोष्ट. आर. जी. बर्टन या अधिकाऱ्यानें लिहिलेला कंटिन्जंट फौजेचा इतिहास १९०५ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्यांत नोवा येथील गढीच्या वेढ्याची हकीकत आहे. हटकरांचे नाईक नोवसाजी यांनीं निजामाच्या अमलाविरुद्ध बंड केलें, आणि जानेवारी १८१९ मध्यें मेजर पिटमन यांच्या हाताखालील फौजेनें ही गढी घेतली. त्या पलटणींच्या सन्मानचिन्हांत पुढें नोव्याचें नांव घालण्यांत आलें. पलटणीच्या इतिहासांत जें सन्मानचिन्ह, तेंच त्या परिसरांतील लोकांच्या आठवणींत एका पराक्रमी नाइकाचा शेवटचा लढा म्हणून राहिलें आहे. एकाच घटनेच्या या दोन बाजू एकत्र केल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाहीं.

परंतु परसत्तेच्या कागदपत्रांतच डोकें खुपसून बसणें हीहि एक प्रकारची पराधीनताच आहे. या भूमीला छावणी पडण्यापूर्वीं पांचशें वर्षांचें स्वतःचें वाङ्मय आहे. हिंगोलीजवळील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. त्यांचा काळ १२७० ते १३५० असा धरतात. औंढ्याच्या नागनाथ मंदिराशीं त्यांचे गुरु विसोबा खेचर यांचें नांव जोडलेलें आहे. महाराष्ट्र शासनानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेली श्रीनामदेव गाथा हा या जिल्ह्याच्या वाचनांतील पहिला मराठी ग्रंथ समजावा. कीर्तनास मनाई झाल्यावर नामदेव देवळामागें जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, ही आख्यायिका औंढ्यास आजहि सांगितली जाते. विशेष हें कीं, देऊळ फिरल्याची हीच कथा शिखांच्या गुरुग्रंथसाहिबांतील नामदेवांच्या एका पदांतहि आहे. १६०४ मध्यें सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें घेतलेलीं आहेत. पंजाबांतील घुमान येथें नामदेवांचें स्थान आहे, आणि २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेंच भरलें. मराठवाड्यांतील एका शिंप्याचे शब्द सहाशें कोसांवर अन्य भाषेच्या धर्मग्रंथांत जाऊन बसतात, हें सामर्थ्य कोणत्याहि राजवटीनें दिलेलें नव्हे.

ही स्मृति इतकीं शतकें कशी टिकली, याचा शोध ख्रिश्चन नोव्हेट्झके या अमेरिकन अभ्यासकानें 'रिलिजन अँड पब्लिक मेमरी' (२००८) या ग्रंथांत घेतला आहे. कीर्तन, कीर्तनकारांचीं हस्तलिखित बाडें आणि श्रोत्यांची आठवण यांच्या आधारें नामदेव कसे जिवंत राहिले, हें त्यांत उलगडलें आहे. परकीय अभ्यासकाचा ग्रंथ म्हणजे साम्राज्याचा ग्रंथ, असा समज करून घेणाऱ्यानें हें पुस्तक मुद्दाम पाहावें. नामदेवांच्या काळची राजकीय आणि शिल्पविषयक पार्श्वभूमि ज्याला हवी असेल, त्याला हैदराबाद संस्थानाच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनीं संपादिलेला 'द अर्ली हिस्टरी ऑफ द डेक्कन' (१९६०) हा ग्रंथ उपयोगी पडेल. निजामाच्या चाकरींतील एका मुसलमान पंडितानें अजिंठ्याच्या चित्रांसाठीं आणि यादवांच्या इतिहासासाठीं आयुष्य वेंचलें, ही गोष्टहि त्या राजवटीच्या जमाखर्चांत जमेकडे मांडली पाहिजे.

लिहितां न येणाऱ्यांचाहि एक ग्रंथ असतो. कळमनुरी तालुक्यांतील नांदापूर या गांवाचें नांव ज्यांच्या आडनांवांत आहे, ते डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठांत मराठीचे प्राध्यापक होते. जात्यावर दळतांना बायकांनीं गाइलेल्या ओव्यांतून त्यांनीं 'मऱ्हाटी स्त्री-रचित रामकथा' संकलित केली. या ओव्यांतील सीता राजवाड्यांतील राणीपेक्षां सासुरवाशिणीच्या अधिक जवळची आहे. गॅझेटियरमध्यें बाई ही खानेसुमारीच्या एका रकान्यांतील संख्या असते. येथें तिचा आवाज ऐकूं येतो. म्हणून गॅझेटियर आणि ओव्यांचा हा संग्रह यांचीहि एक जोडी करावी.

विसाव्या शतकांत आल्यावर भाषेचा प्रश्न पुढें येतो. हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकीं पांच मराठी, आठ तेलुगु आणि तीन कानडी भाषेचे. परंतु कचेरीची भाषा प्रथम फारसी आणि पुढें उर्दू. १९१८ मध्यें निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठेवण्यांत आलें आणि त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उभारून शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्यांत आले. हिंदी भाषेंतून अर्वाचीन शास्त्रें शिकविण्याचा हा मोठा आणि अभिमानास्पद प्रयोग होता, यांत शंका नाहीं. परंतु वसमतच्या किंवा सेनगांवच्या मराठी मुलाला इंग्रजीच्या जागीं उर्दू आली, एवढाच त्याचा अर्थ. मातृभाषा दोन्हीकडे दूरच राहिली. या अनुभवाच्या दोन बाजू दोन लेखकांत पाहावयास मिळतात. निलंग्यास १९१० सालीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे संस्थानाच्या मुलकी सेवेंत चढले; फारसी-उर्दूवरील प्रभुत्वाचा उपयोग करून त्यांनीं 'मोगल दरबारचीं बातमीपत्रें' मराठींत आणलीं, आणि 'जीवनसेतु' या आत्मचरित्रांत त्या राज्याच्या कारभाराचें आंतून दिसलेलें चित्र रेखाटलें. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) यांनीं मात्र संस्थानाच्या बांधकाम खात्यांतील नोकरी करीत मराठी कविता, कथा व कादंबऱ्या लिहिल्या. 'आडगांवचे चौधरी' आणि 'जगाला कळलं पाहिजे' या त्यांच्या कादंबऱ्या शहरी वाचकांनीं विसरूं नयेत अशा आहेत. पगडींच्या लेखनांतून कचेरीचा मराठवाडा कळतो, रघुनाथांच्या लेखनांतून घराचा आणि वाड्याचा.

आतां सर्वांत अवघड भाग. ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, तेव्हां हिंगोली स्वतंत्र झाली नाहीं. निजामानें भारतांत सामील होण्याचें नाकारलें, कासिम रझवीच्या रझाकारांनीं संस्थानांत दहशत माजविली, आणि ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सुरू झालेल्या भारतीय फौजेच्या कारवाईनंतर चारच दिवसांनीं निजामानें शरणागति पत्करली. या लढ्याची कथा त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनीं १९६७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणींत सांगितली आहे. 'मराठवाडा' पत्राचे संपादक अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. कारण त्यांत पुढाऱ्यांबरोबर सरहद्दीवरच्या तळांवर राबलेले कार्यकर्तेहि भेटतात. दिल्लीची बाजू व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानांच्या विलीनीकरणावरील ग्रंथांत (१९५६) आणि कन्हैयालाल मुनशी यांच्या 'दि एंड ऑफ ॲन एरा' (१९५७) मध्यें सांपडते. हरलेल्या पक्षाची बाजू संस्थानचे अखेरचे दिवाण मीर लायक अली यांनीं 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' (१९६२) मध्यें मांडली आहे. ती पटणें आवश्यक नाहीं. वाचणें आवश्यक आहे.

इतकें वाचूनहि एक पान कोरें राहतें. रझाकारांचे अत्याचार मराठवाड्यांतील घराघरांत सांगितले जातात, आणि ते सांगितले गेलेच पाहिजेत. परंतु फौजेच्या कारवाईच्या वेळीं आणि नंतर मुसलमान वस्तीवर जो सूड उगवला गेला, त्याविषयीं फार काळ कोणी बोललें नाहीं. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या समितीनें संस्थानांत फिरून त्याची चौकशी केली. मृतांची संख्या कमींत कमी धरली तरी २७ ते ४० हजार असावी, असा तिचा अंदाज होता. आणि हिंगोलीच्या शेजारचा नांदेड जिल्हा तिनें सर्वांत अधिक झळ पोंचलेल्या चार जिल्ह्यांत गणला होता. हा अहवाल अनेक दशकें लोकांपुढें आला नाहीं. ए. जी. नुरानी यांच्या 'द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद' (२०१३) या ग्रंथांत तो वाचावयास मिळतो. नुरानींचे निष्कर्ष वादग्रस्त आहेत आणि त्यांवर खुशाल वाद करावा. पण वाद करणाऱ्यानें अहवाल आधीं वाचलेला असावा. भालेराव न वाचतां केवळ नुरानी वाचणारा मनुष्य शंभर वर्षांची गळचेपी विसरेल, आणि नुरानी न वाचतां केवळ भालेराव वाचणारा शेजाऱ्याच्या घरांतील शोक विसरेल. दोन्ही विस्मरणें सारखींच घातक आहेत. कारण ज्यांच्या आजोबांनीं ते दिवस पाहिले, तीं हिंदु आणि मुसलमान कुटुंबें आजहि हिंगोली, वसमत व कळमनुरीच्या बाजारांत शेजारीं शेजारीं दुकानें लावून बसतात.

हा तोल साधण्याचा मोठा प्रयत्न याच जिल्ह्यांत जन्मलेल्या एका लेखकानें केला. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ सालीं नांदापूर येथें झाला, आणि १९८२ मध्यें त्यांचें निधन झालें. हैदराबादचा लढा त्यांनीं विद्यार्थिदशेंत जवळून पाहिला होता. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' या पुस्तकांत एकत्र केलेले त्यांचे लेख, आणि त्याबरोबर 'जागर' व 'शिवरात्र' हे निबंधसंग्रह, प्रत्येक मराठी घरांत असावे अशा योग्यतेचे आहेत. निजामाच्या राजकारणाची चिकित्सा करतांना ते मुसलमान शेजाऱ्याचा द्वेष करीत नाहींत, आणि स्वतःच्या समाजाच्या दोषांवर बोट ठेवतांना कचरत नाहींत. परसत्तेखालीं वाढलेल्या मनाला स्वतंत्रपणें विचार करण्याची संवय कशी लावावी, याचा वस्तुपाठ त्यांच्या लेखनांत आहे.

घरांतील वाचनाचा क्रम लावावयाचा झाल्यास तो असा लावतां येईल. प्रथम १९६७ चें परभणी गॅझेटियर हाताशीं ठेवावें, म्हणजे गांवें, नद्या व सनावळी यांचा घोटाळा होणार नाहीं. नंतर नामदेवांची गाथा आणि नांदापूरकरांनीं जमविलेल्या ओव्या घ्याव्या. त्या मुलांसह मोठ्यानें वाचण्यासारख्या आहेत. मग टेलरची कादंबरी आणि वॅगनर यांचा ग्रंथ बरोबरीनें वाचावे. टेलर व जुनें गॅझेटियर यांच्या प्रती आतां आंतरजालावर विनामूल्य मिळतात. त्यानंतर पगडी आणि रघुनाथ, भालेराव आणि नुरानी अशा जोड्या कराव्या, आणि शेवटीं कुरुंदकर वाचावे. वसमत तालुक्यांतील रिधोऱ्याचे कवि इंद्रजित भालेराव यांचा 'पीकपाणी' हा संग्रह त्याला जोडला, तर ज्या रयतेच्या साऱ्यावर या दोन्ही सत्ता उभ्या होत्या, तिच्या घामाची भाषाहि कानावर पडेल. हे सर्व ग्रंथ एका वर्षांत वाचून होतील असें नाहीं, आणि तशी घाई करण्याचेंहि कारण नाहीं. मात्र एक नियम न मोडलेला बरा : राज्यकर्त्याचा एक ग्रंथ मिटल्यावर रयतेचा एक ग्रंथ उघडावा, आणि आपल्या पक्षाचा एक वाचून झाल्यावर दुसऱ्या पक्षाचा एक हातीं घ्यावा.